कारखान्यातला पहिला महिना

शाळा संपते, आय.टी.आय.चा कागद हातात पडतो, किंवा यंदा शेतानं हात दिला नाही म्हणून धाकटा भाऊ गावाहून निघतो, आणि एके दिवशी भोसरीच्या, चाकणच्या, सातपूरच्या नाहीतर वाळूजच्या एखाद्या फाटकाशी नवा माणूस उभा राहतो. पगार किती, पाळी कोणती, खोलीचं भाडं किती, हे सगळं त्याला ठाऊक असतं. घरच्यांनीही तेवढंच विचारलेलं असतं. एक गोष्ट मात्र त्याला बहुधा कुणी सांगत नाही. ती ही, की कारखान्यातल्या सबंध नोकरीत सर्वांत धोक्याचा काळ कोणता असेल, तर तो हा पहिला महिना.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नव्हे. कॅनडात टोरांटो येथे काम आणि आरोग्य यांचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी अनेक वर्षांच्या दुखापतींचे दाखले तपासले, तेव्हा त्यांना असं आढळलं, की कामावरून घरी बसवणारी दुखापत होण्याचा संभव, एक वर्षाहून अधिक काळ तेच काम करणाऱ्या माणसापेक्षा पहिल्या महिन्यातल्या माणसाला तिपटीहून अधिक असतो. आणि हे केवळ पोरवयाचं लक्षण नव्हे. चाळिशीतला माणूसही नव्या कामावर आला, की त्यालाही हाच धोका. वयाची भर निराळी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ साली तरुण कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय जगापुढे मांडला, तेव्हा युरोपातल्या आकड्यांच्या आधारे सांगितलं, की १५ ते २४ वयाच्या कामगारांना होणाऱ्या, जीव न घेणाऱ्या दुखापतींचं प्रमाण मोठ्या वयाच्या कामगारांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त भरतं. मग जो तरुणही आहे आणि नवाही आहे, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी भार पडतो.

असं का व्हावं? आपल्याकडे याचं एक तयार उत्तर आहे: "पोरगं धांदरट होतं, लक्ष नव्हतं." हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा खोटं आहे. नव्या माणसाचं लक्ष जुन्यापेक्षा जास्तच असतं. पण ते नेमकं कशावर ठेवावं, हे त्याला माहीत नसतं. जुन्या माणसाला यंत्राचा आवाज बदललेला कळतो, पट्टा घसरल्याचा वास येतो, फरशीवर तेल सांडलेलं डोळ्यांना न शोधता दिसतं. नव्याला सगळेच आवाज सारखे, सगळेच वास नवे. शिवाय नव्याला कामं मिळतात तीही ठरावीक नसतात. आज इथे माल उचल, उद्या तिथे मशिनवर उभा राहा, परवा छपरावर चढ. जे काम कुणालाच नको असतं, ते शेवटी हेल्परच्या वाट्याला येतं. आणि तिसरं कारण सर्वांत मोठं. ते आहे संकोच. विचारलं तर हसतील, "एवढंही येत नाही?" म्हणतील, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. या भीतीनं माणूस न समजलेल्या गोष्टीला मान डोलावतो. मित्रहो, कारखान्यात तुटलेल्या कित्येक बोटांच्या मागे अशी एक न विचारलेली शंका असते.

आपल्या प्रांताला हा प्रश्न नवा नाही. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत गिरणगावात धुरांडी उभी राहिली. त्या गिरण्यांत लहान मुलं काम करीत. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या माणसांनी हा प्रश्न लावून धरला आणि १८८१ साली देशातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यानं काय दिलं, ते ऐकलं की आज अंगावर काटा येतो. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये! तोही शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांपुरताच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले. १८९० साली रविवारची सुटी मिळाली आणि १८९१ च्या कायद्यात मुलांचं किमान वय नऊ झालं. सातावरून नवावर यायला दहा वर्षं लागली. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवणं हा गुन्हा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालच्या किशोरालाही धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. म्हणून कुणी "वय अठरा सांग, आधार कार्डाचं बघू" असं म्हणालं, तर तो तुमच्यावर उपकार करीत नाही. तो तुमच्याभोवतीचं एक कुंपण काढून घेतो आहे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. बोटं जाण्याच्या बाबतीत ज्याचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं, ते यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. मोटारगाड्यांचे, पंख्यांचे, कुलपांचे, डब्यांचे पत्र्याचे भाग याच्यावर कापले आणि वाकवले जातात. त्याची रचना समजून घ्या, म्हणजे धोका कुठे आहे ते आपोआप कळेल.

प्रेसच्या बाजूला एक जड चाक सतत फिरत असतं. ते फ्लायव्हील. मोटर त्याला फिरवते आणि ते आपल्या वजनात शक्ती साठवून ठेवतं. खाली टेबलावर डाय बसवलेला असतो, वर रॅमला पंच. तुम्ही पायातलं पेडल दाबलं, की क्लच लागतो, चाकाची साठलेली शक्ती रॅमला मिळते आणि रॅम खाली येऊन पुन्हा वर जातो. जुन्या पद्धतीच्या, खिट्टीच्या क्लचच्या प्रेसमध्ये एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा: एकदा खिट्टी बसली, की रॅम आपला फेरा पुरा केल्याशिवाय थांबत नाही. पाय काढा, बटण दाबा, ओरडा, तो थांबणार नाही. मिनिटाला साठ फेरे मारणारा प्रेस असेल, तर एका फेऱ्याला एक सेकंद आणि खाली यायला अर्धा. डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद तरी लागतो. म्हणजे रॅम निघाल्याचं ध्यानात येईतो निम्मी वाट संपलेली असते. "मी चपळ आहे, हात काढून घेईन" हा हिशेब इथे बसत नाही.

त्यातून आणखी एक खोड. खिट्टी झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल झाला, तर रॅम एकाच दाबात दोनदा खाली येतो. पहिला फेरा झाला, कामगार सवयीनं तयार झालेला जॉब उचलायला हात घालतो, आणि न बोलावता दुसरा फेरा येतो. पेडलला पाय लागलेला नसतो, चूक कुणाची म्हणायची? म्हणूनच "प्रेस कधी कधी डबल मारतो, जरा सांभाळून" असं तुम्हांला कुणी सांगितलं, तर ती सूचना नव्हे. ती प्रेस बंद करून दुरुस्त करायची वेळ आहे. यंत्र कधी कधी जे करतं, ते केव्हा करील हे यंत्राखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

यावर उपाय माहीत आहेत आणि ते जुने आहेत. पहिला, डायभोवती अशी जाळी किंवा गार्ड, की पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. दुसरा, दोन हातांची बटणं: दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच रॅम निघेल, म्हणजे रॅम निघताना दोन्ही हात डायच्या बाहेर गुंतलेले असतील. तिसरा, फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर प्रकाशाचा पडदा. हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबतो. खिट्टीच्या क्लचला मात्र हा पडदा उपयोगी नाही, कारण तो थांबूच शकत नाही. चौथा, जॉब ठेवायला आणि काढायला लांब चिमटा किंवा चुंबक. तो गार्डच्या जोडीला हवा, गार्डच्या बदल्यात नव्हे. आणि डाय बदलताना वीज बंद करून, चाक पूर्ण थांबू देऊन, रॅमखाली टेकण लावायचं. ते काम सेटरचं. नव्या हेल्परचं नव्हेच.

मग इतके उपाय असून बोटं का जातात? कारण गार्ड लावला की तासाला थोडे नग कमी निघतात. एक बटण काडी घालून किंवा चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं, की एक हात मोकळा होतो आणि नग वाढतात. ही युक्ती नव्या माणसाला जुना माणूस शिकवतो आणि ती शिकवताना त्याला ती मोठी हुशारी वाटते. आपण एवढंच मनाशी धरावं, की नगांचा हिशेब रोजचा रोज मिटतो. बोटाचा हिशेब जन्मभर चालतो. शर्टाची गुंडी लावताना, भाकरीचा तुकडा मोडताना, मुलाला बोट धरायला देताना तो रोज नव्यानं मांडावा लागतो.

प्रेसखेरीज इतर यंत्रांचे धोके थोडक्यात सांगतो. फिरणाऱ्या यंत्राचा एक सर्वसाधारण नियम आहे: ते कापतं त्यापेक्षा ओढून जास्त घेतं. लेथ, ड्रिल, पट्टा, गिअर, हे सगळे ओढणारे. म्हणून बाह्या आवळलेल्या असाव्यात, शर्टाचं टोक बाहेर लोंबू नये, गळ्यात मफलर नसावा, बोटात अंगठी आणि मनगटात दोरा-कडं नसावं. मुलींनी ओढणी घरच्या पिशवीत ठेवावी आणि वेणी टोपीत बांधावी. इथे एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. हातमोजे हे संरक्षण. पण ड्रिलवर आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. पत्रा उचलताना मोजे हवेत. फिरत्या ड्रिलजवळ तोच मोजा बिटमध्ये अडकतो आणि हाताला सोबत घेऊन जातो. ड्रिलखालचा जॉब हातानं धरू नका, शिकंज्यात आवळा. लेथच्या चकमध्ये चावी विसरू नका; मशिन सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. लोखंडाच्या लांब कुरळ्या चिपा हातानं ओढू नका, आकड्यानं काढा. ग्राइंडरवर चष्म्याशिवाय उभं राहू नका, दगड आणि टेकण यांच्यामधली फट तीन मिलिमीटरहून जास्त असू देऊ नका आणि सुरू करताना दगडाच्या समोर न राहता बाजूला उभे राहा. दगड फुटायचा असला तर बहुधा तेव्हाच फुटतो. वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्यांनी पाहिला, तर त्या क्षणी काही होत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप लागत नाही.

यंत्र बंद आहे, हे नुसतं दिसून चालत नाही. एकजण आत हात घालून कचरा काढतो आहे आणि दुसरा, त्याला न पाहता, पॅनेलचं बटण चालू करतो, असे अपघात वारंवार होतात. यावरचा उपाय एका साध्या कुलपाचा आहे. जो आत हात घालणार, त्यानं मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची आणि वर आपल्या नावाची पाटी अडकवायची. काम संपलं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. "मी बघतो, तू कर" या भरवशावर हात आत घालू नका. माणूस चांगला असतो, पण त्याला फोन येतो, कुणी हाक मारतं, तो विसरतो. कुलूप विसरत नाही.

विजेची एक ओळखही हवी. घरातली २३० व्होल्टची वीज पकडते तेव्हा हाताचे स्नायू आवळले जातात. सोडावंसं वाटलं तरी हात सुटत नाही. म्हणून कुणाला शॉक लागला, तर त्याला हातानं ओढायला धावू नका. आधी स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरडं लाकूड, कोरड्या प्लॅस्टिकचा पाइप घेऊन तार दूर सारा. ओल्या फरशीवर, फाटक्या वायरच्या हातड्रिलनं काम करू नका. तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच आज सहज मिळतो; तो पॅनेलला आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

दोन धोके असे आहेत, की ते धोके वाटतच नाहीत. पहिला छपराचा. मृगाचा पाऊस तोंडावर आला, की शेडच्या गळक्या पत्र्यांची आठवण होते आणि हलकं अंग म्हणून पोराला वर चढवतात. सिमेंटचा जुना पत्रा वरून फरशीसारखा दिसतो. पण तो माणसाचं वजन घेण्यासाठी केलेला नसतो. पाय पडतो आणि माणूस पत्र्यासकट खालच्या काँक्रीटवर येतो. पत्र्यावर चालायचंच असेल, तर आधारावर टेकलेल्या लांब फळ्या किंवा शिडी आडवी टाकून, कमरेला नव्हे तर सबंध अंगाला बांधायचा पट्टा लावून, त्याचा दोर पक्क्या जागी अडकवून. ही सामग्री नसेल तर चढू नका.

दुसरा धोका टाक्यांचा. मळीची टाकी, सांडपाण्याचा खड्डा, रसायनाचं पिंप. आतून विषारी वायू साठलेला असतो किंवा प्राणवायू संपलेला असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पुष्कळदा वासही येत नाही. हायड्रोजन सल्फाइडला तर वास असूनही तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. पहिला माणूस उतरतो, कोसळतो. दुसरा त्याला वाचवायला उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा. अशा ठिकाणी वाचवायला धावलेली माणसंच किती गेली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. आत कुणी पडला तर ओरडून लोक जमवा, अग्निशामक दलाला बोलवा, वरून हवा सोडता येत असेल तर सोडा. पण श्वसनाचं साधन आणि कमरेचा दोर नसताना उतरू नका. इथे न उतरणं हा भेकडपणा नव्हे. तुम्ही वर राहिलात, तर मदत आणायला एक माणूस शिल्लक राहतो.

आतापर्यंत सांगितले ते क्षणात होणारे अपघात. काही इजा मात्र सावकाश, वर्षानुवर्षं होत जाते. दगड फोडताना, ओतशाळेत साचे मोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही. तिनं होणाऱ्या सिलिकोसिसला आजही पूर्ण बरं करणारं औषध नाही. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती सुटीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर परतल्यावर आवळल्यासारखी होते. पुढे पुढे ती रोजच आवळू लागते. सतत मोठ्या आवाजात काम केलं, तर आधी पाखरांचा आणि लहान मुलांचा बारीक आवाज ऐकू येईनासा होतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. शेजारच्या माणसाशी हातभर अंतरावरून बोलताना ओरडावं लागत असेल, तर कानाला बोळा किंवा झाकण हवंच, असं समजा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. त्याला योग्य मास्क लागतो आणि त्याआधी, धूळ उडूच नये म्हणून पाणी मारणं किंवा ती ओढून घेणारा पंखा लागतो.

आणि एक आपल्याकडची खास सवय. दुपारची सुटी झाली, की पुष्कळजण तळहातावर तंबाखू-चुना मळतात. त्या तळहाताला बॅटरीचं शिसं, प्लेटिंगचं रसायन, मशिनचं तेल लागलेलं असतं. ते सरळ तोंडात जातं. तंबाखू मुळातच वाईट. त्यात आपण वरून विषाची फोडणी घालतो. निदान जेवणाआधी साबणानं हात धुवा आणि कामाचे कपडे घरी आणून लहान मुलांच्या कपड्यांत भिजवू नका.

इतकं करूनही दुखापत झालीच, तर? जखमेवर हळद, कॉफी, तंबाखू काही टाकू नका. स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. बोट तुटून वेगळं झालं असेल, तर ते फेकू नका आणि थेट बर्फातही घालू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि माणसाबरोबर ताबडतोब रुग्णालयात न्या. वेळ गेला नसेल तर शस्त्रक्रियेनं ते जोडताही येतं. डोळ्यांत किंवा अंगावर आम्ल उडालं, तर डॉक्टर शोधण्याआधी नळ शोधा आणि पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी सोडा.

आणि पुढची गोष्ट जखमेइतकीच महत्त्वाची. रुग्णालयात "घरी लागलं, गाडीवरून पडलो" असं सांगायला कुणी शिकवलं, तर तसं सांगू नका. तुम्ही खोटी नोंद केलीत, की भरपाईची वाट तिथेच बंद होते. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या कारखान्यात कामावरच्या दुखापतीचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. त्यासाठी इतके महिने वर्गणी भरलेली हवी, अशी अट नाही. म्हणून विम्याचा नंबर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, तो घरी कुणाला तरी लिहून द्या आणि अपघाताची नोंद कारखान्याच्या वहीत झाली की नाही ते पाहा.

आता हक्कांविषयी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात एक फार शहाणं कलम होतं, तेविसावं. तरुण कामगाराला धोकादायक यंत्राचे धोके आणि घ्यायची खबरदारी पुरती समजावून दिल्याशिवाय त्या यंत्रावर उभं करू नये. आणि एकतर त्याला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं, नाहीतर ते यंत्र नीट जाणणारा माणूस त्याच्यावर देखरेख करायला असावा. तो अधिनियम आणि इतर बारा कायदे एकत्र करून संसदेनं २०२० साली कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीची नवी संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यावं असं सांगितलं आहे. आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. जिवावर बेतेल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली, तर ती मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क आहे. त्याबरोबर कर्तव्यही आहे: सुरक्षेसाठी दिलेल्या साधनांशी खेळू नये, ती काढून टाकू नयेत. महाराष्ट्रात या कामासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे आणि मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था या विषयाचं शिक्षण देते.

पण कायदा पुस्तकात आणि फोरमन समोर, तेव्हा काय बोलावं, हा खरा प्रश्न आहे. भांडण नको असेल, तर नकाराऐवजी शिकण्याची भाषा वापरा. "साहेब, मला हे मशिन अजून कुणी दाखवलेलं नाही. एकदा दाखवा, मग करतो." या वाक्यात उर्मटपणा नाही, आळस नाही आणि समंजस फोरमन यावर रागावत नाही. एखादा रागावलाच, तर दोघातिघांनी मिळून तेच सांगा. चौघांच्या वाक्याला वजन येतं. नव्या यंत्रावर उभं राहण्यापूर्वी पाच गोष्टी विचारा. हे बंद कुठून करायचं? यात हात कुठे जाऊ शकतो? गार्ड कोणता आणि तो जागेवर आहे का? बिघडलं तर कुणाला बोलवायचं? आणि याच्यावर आधी कुणाला लागलं होतं का, कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जुन्या माणसांकडे हमखास असतं, आणि कुठल्याही पाटीपेक्षा ते जास्त शिकवतं.

दोन शब्द जुन्या माणसांना. "आमच्या वेळी आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं" हे आपण अभिमानानं सांगता. पण आपल्याबरोबर लागलेल्या किती जणांची बोटं पुरी राहिली, तेही आठवून पाहा. नव्या पोराला पहिला महिना आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. त्यानं एकच गोष्ट तीनदा विचारली तर तीनदा सांगा. रात्रपाळीत, पहाटेच्या तीन-चारच्या सुमारास, डोळे सर्वांचेच जड होतात. त्या वेळी त्याला प्रेसवर एकटा सोडू नका. मालकांनीही एवढा हिशेब करावा, की एक दिवस नीट शिकवण्यात जेवढे नग बुडतात, त्याहून किती तरी जास्त एका अपघातात बुडतात. माणसाची तर भरपाईच नाही.

आणि घरच्यांनी फोनवर पगाराबरोबर आणखी एक विचारावं. "जेवलास का?" हे आपण विचारतोच. त्याच्या पुढे "आज कुठल्या मशिनवर होतास, आणि तुला ते कुणी शिकवलं?" असंही विचारा. उत्तर "कुणीच नाही" असं आलं, तर दुसऱ्या दिवशी फोरमनला काय म्हणायचं ते वाक्य वर दिलेलं आहे. ते त्याला त्याच फोनवर सांगा.